डॅशबोर्डला चमक नको, उन्हापासून जपणारं पाहिजे

एका दादांनी विचारलंय की गाडीच्या डॅशबोर्डला कोणतं पॉलिश चांगलं, तर दादा, ते तेलकट सिलिकॉनवालं चकचकीत घेऊच नका. आपल्याकडं काळ्या मातीची धूळ किती उडायली बघताच की, तेलकट भागावर ती लगेच चिकटून बसते अन् भर दुपारी डॅशबोर्डची चमक समोरच्या काचेत अशी दिसते की रस्ता नीट दिसंना. पाण्यावर बनलेलं, उन्हातल्या यूव्ही किरणांपासून वाचवणारं, मॅट म्हणजे बिनचमकीच्या फिनिशचं घ्या, ३०३ ब्रँडचं प्रोटेक्टंट (प्लास्टिक जपणारं लिक्विड) त्यातलंच आहे, महाग आहे पण लई थोडं लागतं. आधी मऊ ब्रशनं एसीच्या जाळीतली धूळ काढा, मग ऑल पर्पज क्लीनर साधारण १ ला १० पाणी करून मायक्रोफायबरच्या कापडावर मारा, थेट डॅशबोर्डवर नको, बटनांच्या फटीत उतरतं. स्टिअरिंगला अन् पेडलला प्रोटेक्टंट अजिबात लावू नका, हातपाय घसरतात. टचस्क्रीनला नुसतं ओलसर कापड पुरे. अन् मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत गाडी उन्हात उभी राहत असेल तर आतून काचेला सनशेड लावाच, अन् तापलेल्या प्लास्टिकवर काहीच मारू नका, जागेवरच वाळून डाग पडतात, संध्याकाळी गाडी गार झाल्यावर करा.