मदत हवी आहे: तळ्यातले सकर मासे मारायला औषध टाकावं का?

नमस्कार मंडळी. भांडुपला आमच्या चाळीमागे छोटं तळं आहे. त्यात सकर मासे माजलेत. कुणीतरी घरच्या काचेच्या टाकीतले आणून सोडले असणार. परवा जाळ्यात आलेला एक हातात घेतला. अंग खरखरीत, चिलखत घातल्यासारखं, आणि पाण्याबाहेर कितीतरी वेळ जिवंत!

आता काही जण रोटेनोन हे मासे मारायचं औषध टाकायचं म्हणताहेत. ते डेरिस नावाच्या वेलीच्या मुळांतून निघतं, कल्ल्यांतून शिरून पेशींचं श्वसन बंद पाडतं. उन्हात, कोमट पाण्यात लवकर विरतं, पोटॅशियम परमँगनेटने निष्प्रभही करता येतं. हे सगळं खरं, पण त्याला सकर कुठला नि मरळ कुठला हे कळत नाही. मत्स्यशेतीवाले मोहाची पेंड वापरतात, तीही सरसकटच मारते.

माझा जीव अडकलाय काठच्या विहिरीत. तिचं पाणी धुण्याला लागतं. तळ्यात कासवं आहेत, खंड्या रोज सकाळी त्याच वाकलेल्या फांदीवर बसतो. मेलेले मासे त्याने खाल्ले तर? शिवाय सकर हवाही गिळतो, मग तो वाचून बाकीचेच मरायचे नाहीत ना?

कुणी नुसतं पाणी उपसून, जाळी ओढून तळं साफ केलंय का? परवानगी कुणाकडे मागितलीत? कृपया लवकर सांगा, रविवारी बैठक आहे.