रात्रभर मोटार बंद ठेवायला लावून शेतात तारा पुरल्या. हे नेमकं काय बघायलेत?

कोरडवाहू_लोहारा

राम राम मंडळी. लोहारा तालुक्यात आपलं सहा एकर रान हाय. मागच्या आठवड्यात एक जीप आली, पाच पोरं उतरली. संगं गावातलाच ओळखीचा माणूस, म्हणून मी नाही म्हणलो नाही. त्यांनी पडीक तुकड्यात मधोमध एक डबा ठेवला आणि चारी दिशेला पन्नास-पन्नास पावलं तारा ओढल्या. तारंच्या टोकाला वीतभर खड्डा, त्यात मिठाच्या पाण्याचा चिखल कालवून पांढरं मडक्यावानी काहीतरी बसवलं. मग छातीएवढ्या लांब तीन नळ्या काढल्या. दोन आडव्या पुरल्या, एक उभी. उभीचा खड्डा पार कमरेच्या वर गेला. नळी सरळ हाय का बघायला गवंड्याची पाणसळ लावली, ते बघून मला हसूच आलं.

सगळं झाल्यावर म्हणतेत, काका, रात्रभर मोटार चालू करू नका, शेजाऱ्यालाबी सांगा. आता त्या आठवड्यात आमची लाईट रात्रपाळीची. हरभऱ्याचे घाटे भरायलेत. माझी एक पाळी गेली आणि शेजारी चार दिस बोलला नाही.

गावात तर काही विचारू नका. कोणी म्हणतंय तेल लागलं, कोणी म्हणतंय सातबाऱ्यावर शिक्का पडणार. म्हातारी माणसं म्हणायलेत, पुन्हा ९३ च्या किल्लारीच्या भूकंपासारखं व्हणार हाय, सरकारला कळालंय. आमची आई दोन रात्री अंगणात झोपली. पोरांना विचारलं तर "रिसर्च" म्हणले आणि चहा पिऊन गेले. पाणी बघायलेत म्हणावं, तर माझा ७५० फुटी कोरडा बोअर तिथंच होता, त्याच्यापाशी कामून नाही लावलं?

बोअरवाला_उमरगा

तात्या, पाच पोरं, जीप आणि एक रात्र! आमचा पाणाडी नारळ तळहातावर घेऊन पाच मिनिटांत पॉइंट देतो. लागलं तर त्याचं नशीब, नाही लागलं तर तुमचं. ह्यांचं मात्र काय लागलं तेच कळत नाही.

तारवाली

काका, मी हेच काम करते. तुमच्याकडं आलेली टीम आमची नव्हती, पण असल्या शिव्या आम्हीही खाल्ल्यात, म्हणून उत्तर देते. या पद्धतीला मॅग्नेटोटेल्युरिक्स म्हणतात, आमच्या बोलण्यात एमटी.

आधी मोटारीचं बोलते, कारण तुमचा खरा राग तिथं हाय. ती यंत्रं जमिनीत काहीच सोडत नाहीत. ना करंट, ना सुरुंग. नुसती ऐकत बसतात. आफ्रिकेत वीज कडाडली तरी तिची लाट जमीन आणि आभाळातला आयनांचा थर यांच्या मधून पृथ्वीला वळसा घालत लोहाऱ्यात येते. त्याहून संथ लाटा सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्याच्या. त्यानं पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला हेलकावे बसतात. या लाटा जमिनीत शिरल्या की खाली बारीक करंट फिरायला लागतो. त्यानं जमिनीत उठणारं व्होल्टेज मडक्यांत सापडतं, चुंबकीय हेलकावा नळ्यांत. दोन्हींचं प्रमाण काढलं की खालचा खडक विजेला किती अडवतो ते कळतं.

शंभर मीटर तारेवर हाती काय येतं? मिलिव्होल्टचा एखादा हिस्सा. आणि बाजूला तुमची साडेसात एचपीची मोटार! कीर्तनाच्या मंडपात डीजे लावल्यासारखं होतं ते. डुकरांसाठी कुंपणाच्या तारेला लावलेलं झटका मशीन तर त्याहून वाईट, रात्रभर सेकंदा-सेकंदाला टक, टक. सकाळी आलेख उघडला की रडू येतं. नळ्या पुरतात त्याही याचसाठी. वाऱ्यानं नळी केसभर हलली तरी पृथ्वीचं आपलं चुंबकीय क्षेत्र त्यात घुसतं, आणि ते आम्हाला हव्या त्या हेलकाव्याच्या हजारो पट मोठं. बाभळीजवळ पुरली तर मुळं हलतात तेवढंही दिसतं. म्हणून आम्ही सावली सोडून उन्हात खड्डे खणतो, आणि गावाला वाटतं ही पोरं येडी हायत.

रात्रभर कशाला? लाट जेवढी संथ, तेवढी ती खोल जाते. शंभर ओहम-मीटरचा खडक धरा (खडक विजेला किती अडवतो त्याचं हे माप). एका सेकंदाची लाट त्यात साधारण पाच किलोमीटर उतरते, शंभर सेकंदांची पन्नास. पण हजार सेकंदांची एक लाट म्हणजे जवळजवळ सतरा मिनिटं. बारा तास बसलं तरी अशा त्रेचाळीसच लाटा हाती लागतात, त्यातल्या कितीतरी कुणाच्या तरी मोटारीनं खराब केलेल्या.

काळ्या मातीचंही एक हाय. ओली असली की मडकं झकास बसतं. मे महिन्यात तीच माती भेगाळते आणि मडकं हवेतच लटकतं. १० मे २०२४ ला मोठं सौर वादळ आलं त्या रात्री आम्ही निलंग्याच्या पलीकडं होतो. असा दणकट सिग्नल मी नोकरीत पाहिला नव्हता. चार घागरी पाणी ओतून मडकी बसवली होती. पहाटे बघितलं तर दक्षिणेकडची केबल रानडुकरांनी दोन जागी तोडलेली. वादळ आलं, गेलं, आमच्याकडं अर्धीच रात्र.

आता किल्लारी. ९३ च्या भूकंपानंतर हैदराबादच्या एनजीआरआयनं, म्हणजे राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं, तिथं याच पद्धतीनं मोजणी केली, १९९६ मध्ये त्याचा निबंध छापून आला. साधारण सहा ते दहा किलोमीटर खोलीवर वीज सहज वाहून नेणारा थर दिसला. कोरडा ग्रॅनाइट विजेला हजारो ओहम-मीटरनं अडवतो, मग तिथं वीज वाहते कशी? त्यांनी अर्थ लावला की खडकाच्या भेगांत द्रव भरलाय, आणि द्रवाच्या दाबानं जुनी भेग सरकायला मदत होते. मला हे पटतं. पण यंत्र फक्त ओहम सांगतं, खारं पाणी की वीज वाहणारं ग्रॅफाइट ते माणसानं ठरवायचं असतं. आईला सांगा, घरात झोपा. या आलेखात तारीख नसते.

तुमच्या बोअरचं. किल्लारीला ६१७ मीटर भोक पाडलं तेव्हा वर ३३८ मीटर काळा पाषाण निघाला, खाली आठेक मीटर गाळाचा थर, मग अडीचशे कोटी वर्षांहून जुना खडक. ३३८ मीटर म्हणजे अकराशे फुटांच्या वर. तुमच्याकडं जाडी थोडी इकडंतिकडं असेल, पण ७५० फूट म्हणजे तुम्ही अजून पाषाणातच. पाणी लागतं ते मुरमात, मांजऱ्यात (भोकाभोकांच्या मऊ खडकात), नाहीतर दोन थरांमधल्या सांध्यात. त्यासाठी करंट सोडणारं वेगळं मशीन असतं आणि ते दोन-तीनशे मीटरच बघतं. आमचा डबा त्या कामाचा नाही. सहा किलोमीटरवरचं पाणी तुमच्या हरभऱ्याला यायचं नाही.

पाळी बुडाली त्यात मात्र चूक टीमचीच. आदल्या दिवशी येऊन लाईट कधीची हाय एवढं विचारायला काय लागतं?

निवृत्त_मास्तर

ताईंनी छान सांगितलं. मी तेव्हा सास्तूरच्या बाजूला शाळेवर होतो. गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपलेले, तीन वाजून छप्पन मिनिटांनी झालं. आदल्या वर्षी, ९२ लाच धक्के बसायचे, लोक ओरडून सांगत होते. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो तेव्हाही तारावाले येत, आम्ही त्यांना भाकरी देत होतो. सहा किलोमीटर खाली काय हाय ते जरूर बघा. माणसं मेली ती मात्र दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंतींखाली. पुनर्वसनाच्या गावात आता पोरं पुन्हा तसल्याच जाड भिंती उचलायलेत, वर दुसरा मजला.

कोरडवाहू_लोहारा

ताई, आईला वाचून दाखवलं. ती म्हणली, आफ्रिकेतली वीज आपल्या रानात येते तर बिल कोण भरतंय? आज घरात झोपली.

एक विचारायचं राहिलं. पोरांनी खड्डे नीट बुजवले, पण एक मडकं विसरले. पांढरी प्लास्टिकची नळी, तळ मातीचा. सून म्हणतेय त्यात तुळशीचं रोप लावते.

तारवाली

काका, नको! त्यात लेड क्लोराइड असतं, म्हणजे शिसं. उघडू नका, लेकरांना हात लावू देऊ नका, हात लागला असेल तर साबणानं धुवा. पिशवीत बांधून गोठ्याच्या माळ्यावर सावलीला ठेवा. अंगावर नंबर लिहिलेला असेल, तो त्या टीमला कळवा. धावत येतील, एक मडकं कमी पडलं तरी त्यांचं काम अडतं. आले की पुढच्या मोजणीची तारीख तुमची लाईट बघून ठरवून घ्या.

कोरडवाहू_लोहारा

माळ्यावर ठेवलं. नंबर १७ हाय.