मदत हवी आहे: एसएमपीई – क्लोन झोनमधल्या डीडीडेफचे व्हॉल्यूम आणि पाथ कसे बदलावेत?

नमस्कार मंडळी,

पर्वरीहून एका परदेशी ग्राहकाचं झेडओएस (आयबीएम मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टीम) सांभाळतो. चवथीला अर्धी टीम गावी जाणार, त्याआधी एसएमपीईने (झेडओएसवर सॉफ्टवेअर बसवायचं आणि दुरुस्त करायचं साधन) पीटीएफ (सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या) लावून मोकळं व्हायचंय. चालू सिस्टीमला धक्का नको म्हणून व्हॉल्यूमची (डिस्कची) प्रत काढली आणि टार्गेट झोन (वापरातल्या लायब्रऱ्यांची एसएमपीईतली नोंदवही) झोनकॉपीने वेगळा घेतला. डेटासेटची (मेनफ्रेमवरच्या फाइलींची) नावं दोन्हीकडे तीच, व्हॉल्यूम तेवढा निराळा.

लिस्ट डीडीडेफ काढून पाहिलं (डीडीडेफ म्हणजे कुठला डेटासेट किंवा पाथ वापरायचा, ही झोनमधली नोंद). काहींत युनिट आणि जुना व्हॉल्यूम आहे, पण लिंकलिबसारख्या (सिस्टीमची प्रोग्राम लायब्ररी) काहींत नुसतं डेटासेटचं नाव आणि एसएचआर (सामायिक वापराची खूण). म्हणजे ते कॅटलॉगवरून (कुठला डेटासेट कुठल्या व्हॉल्यूमवर, ही सिस्टीमची यादी) शोधले जाणार आणि कॅटलॉग दाखवणार चालू लायब्ररी! याचीच मला खरी धास्ती आहे.

पाथवाले डीडीडेफ '/यूएसआर/एलपीपी/'ने सुरू होतात, प्रत मात्र '/सर्व्हिस'खाली माउंट केली आहे. झोनएडिट (अनेक नोंदी एकदम बदलणारी आज्ञा) वापरू की यूसीएलइन (एकेक नोंद बदलणारी)? आणि ऐनवेळी माउंट नसेल तर अप्लाय (पीटीएफ टार्गेट लायब्रऱ्यांत बसवणारी आज्ञा) कुठे लिहील?

प्रतिसाद १
पाथसाठी झोनएडिटच. आधी सेट बाउंडरी (आज्ञा कुठल्या झोनवर चालणार ते ठरवणारी ओळ) नव्या झोनवर आहे ना, ते डोळ्यांत तेल घालून बघा. मग:

झोनएडिट डीडीडेफ.
चेंज पाथ('/यूएसआर/एलपीपी/'*,'/सर्व्हिस/यूएसआर/एलपीपी/'*).
एंडझोनएडिट.

अवतरणाबाहेरचा तारा हवाच, त्यानेच पाथचा पुढचा भाग तसाच राहतो. लहान-मोठी अक्षरं तंतोतंत जुळली पाहिजेत. माउंट नसेल तर पाथ सापडणार नाही आणि अप्लाय फसेल, पण चालू फाइली शाबूत राहतील. घात करेल तो '/सर्व्हिस' न लागलेला एखादा डीडीडेफ.

जुना व्हॉल्यूम लिहिलेला आहे तिथे चेंज व्हॉल्यूम(जुना,नवा) पुरेल. लिंकलिबसारख्यांना यूसीएलइनमध्ये रेप (रिप्लेस) डीडीडेफ करून युनिट आणि व्हॉल्यूम द्या. कंटाळवाणं काम आहे, पण यात घाई करू नका. शेवटी पुन्हा लिस्ट काढा.

प्रतिसाद २
जेसीएलही (जॉब चालवायच्या सूचना) तपासा. त्याच नावाचं डीडी स्टेटमेंट (जॉबला डेटासेट जोडून देणारी ओळ) जॉबमध्ये असेल तर एसएमपीई आधी तेच धरतं, डीडीडेफ कितीही नीट असला तरी.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. आमच्या अप्लाय जॉबमध्ये लिंकलिबचं डीडी आहेच, ते काढतो. आता एकच शंका: डीलिबचे (मूळ प्रती ठेवणाऱ्या वितरण लायब्रऱ्यांचे) डीडीडेफ जुन्या जागेवर राहिले तर चालतील का?

प्रतिसाद १
अप्लायपुरते चालतील, ते डीलिबमध्ये लिहीत नाही. अ‍ॅक्सेप्ट (पीटीएफ डीलिबमध्ये कायम करणारी आज्ञा) मात्र लिहितं, तेव्हा त्याआधी तेही बघून घ्या.