खड्ड्यात गाडी आदळली की स्टिरिओ रिस्टार्ट होतो, जॉइंट कसे मारायचे?

चाळीसगावकर:
राम राम मंडळी. दिवाळीत जळगावला एका दुकानातून जुन्या गाडीत अँड्रॉइड स्टिरिओ बसवून घेतला. हिवाळाभर मस्त चालला, आता एप्रिल लागला न् नाटकं सुरू, खड्डा आला की रिस्टार्ट, घड्याळ अन् सेव केलेले स्टेशन सगळं उडतं. काल पॅनल काढलं तर वायरी नुसत्या पिळून वर काळी टेप, अन् टेपचा डिंक वितळून बोटाला चिकटतोय. आता नीट करायचंय. सोल्डर (कथील वितळवून जोडणं) करू का क्रिम्प (धातूच्या नळीत वायर घालून दाबणं)?

भुसावळचा_भो:
भाऊ, घड्याळ उडतंय म्हणजे आधी पिवळी अन् काळी बघ. पिवळीत कायम १२ व्होल्ट असतात, मेमरी तिच्यावरच चालते, काळी म्हणजे अर्थिंगची, करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणारी. नुसती लाल, म्हणजे चावी फिरवल्यावर चालू होणारी, सुटली असती तर स्टिरिओ बंद पडला असता पण घड्याळ राहिलं असतं. अन् टेपचं म्हणशील तर आपल्याकडे मे मध्ये पारा ४५ ला टेकतो, उन्हात उभ्या गाडीत डॅशबोर्डच्या मागे तर त्याहून जास्त, तिथं टेप टिकणारच नाही. टेप जॉइंट झाकते, धरत नाही.
क्रिम्पच कर. पण पक्कडीने चेपू नको, रॅचेटवाला क्रिम्पर घे, पूर्ण दाबल्याशिवाय तो सुटतच नाही. वायर सोलताना आतल्या तारा तुटल्या तर तेवढं टोक कापून परत सोल. दाबून झालं की दोन्हीकडून जोरात ओढ, निसटला तर आत्ताच निसटू दे.

धुळे_वर्कशॉप:
सोल्डरही वाईट नाही, मी करतो. फक्त कथील तारांमधून पुढे चढतं अन् जिथं संपतं तिथं वायर कडक होते, थरथरीने नेमकी तिथंच तुटते, म्हणून जॉइंटच्या दोन्ही बाजूंनी वायर टाय मारून बांधायची. ॲसिडवाला फ्लक्स (कथील नीट धरावं म्हणून लावतात ती पेस्ट) अजिबात नको, तांबं हिरवं पडतं, रोझिनवाली तार घ्या. हीट श्रिंक स्लीव (गरम केली की आवळणारी नळी) आधीच वायरीत ओवून ठेवा, नंतर जात नाही.

चाळीसगावकर:
काळी वायर स्टिरिओच्याच पट्टीच्या स्क्रूला गुंडाळलीय, चालेल का?

नंदुरबार_ऑटो:
नाही चालणार दादा. बॉडीचा बोल्ट शोधा, खालचा रंग खरवडून लखलखीत पत्रा काढा, वायरीला थिंबल (बोल्टमध्ये बसणारं भोकवालं धातूचं टोक) क्रिम्प करून कसा. मग स्टिरिओ फुल आवाजात ठेवून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी त्या बोल्टला लावा, ०.२ व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थ कच्चा आहे.
खरं तर तुमच्या मॉडेलचा रेडिमेड कपलर (वायरी जोडायचा तयार प्लग) मिळाला तर तोच घ्या, कंपनीची वायर कापायचं कामच पडत नाही. पिवळी थेट बॅटरीवरून आणली असेल तर फ्यूज बॅटरीजवळच हवा, स्टिरिओजवळ असून उपयोग नाही, मधे वायर घासली तर आग लागते. अन् हात घालायच्या आधी निगेटिव्ह काढा, एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला हातही लावू नका.