मदत हवी आहे: मिठाच्या पाण्यात गव्हाची उगवण, डीएनए मार्कर (गुणाशी जोडलेल्या डीएनएच्या खुणा) कोणते लावू?

कोल्हापुरात एम.एस्सी. करतेय. शिरोळकडच्या क्षारपड रानांसाठी गहू शोधायचाय. खारचिया ६५ (मीठ सोसणारा गव्हाचा वाण) आणि एक स्थानिक वाण १५० मिलीमोलर मिठात (लिटरला साधारण ८.८ ग्रॅम) २० अंशांवर ठेवले. स्थानिक दाणा फुगतो, मुळाचं पांढरं टोक दिसतं आणि तिथंच अडतो. बी यंदाचंच आहे, साध्या पाण्यात व्यवस्थित उगवतं. तेवढ्याच ताणाच्या मॅनिटॉलमध्येही (साखरेसारखं द्रव्य, पाणी ओढून धरतं पण सोडियम नसतो) मूळ वाढतं, म्हणजे पाण्याची ओढ नव्हे, सोडियमच नडतोय असं मला वाटतं.

सगळे ४डी गुणसूत्रावरचं एचकेटी१;५ हे जनुक सुचवतात. पण ते मुळातून पानाकडं जाणारा सोडियम रोखतं. इथं अजून पानच नाही! हाताशी फक्त पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायला) आणि जेल (त्यांची लांबी बघायला) आहे, सिक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं वाचणं) परवडणार नाही. उगवणीच्याच टप्प्यासाठी कुणी एसएसआर मार्कर (डीएनएतल्या छोट्या, पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यांवरचे) वापरलेत का, आणि कोणत्या गुणसूत्रांवरचे?