गोव्यातल्या मांडवी नदीच्या तळाचा थ्रीडी सरफेस नीट येत नाहीये, मदत हवी आहे
नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी दिवाडी बेटाच्या भोवती होडीतून फिरून मांडवीची खोली मोजलीय, साधारण 1800 पॉइंट आहेत, भरती-ओहोटीचा फरक काढून झालाय आणि अक्षांश-रेखांश यूटीएम (नकाशावरची जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत) झोन 43 मध्ये बदलून मीटरमध्ये घेतलेत. अडलंय ते मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये. त्यातल्या सर्फ या सरफेस काढणाऱ्या फंक्शनला चौकोनी ग्रिड लागतो, माझे पॉइंट तर होडी गेली तसे वाकडेतिकडे, म्हणून विखुरलेल्या पॉइंटवरून ग्रिड भरणारं ग्रिडडेटा वापरलं, पण ते आतून डेलॉने त्रिकोण (जवळच्या तीन-तीन पॉइंटचे) जोडत जातं आणि या काठचा पॉइंट बेटापलीकडच्या पॉइंटला जोडून टाकतं, म्हणजे अख्खं दिवाडी पाण्याखाली! मधली खोली काढायला क्यूबिक (वक्र) पद्धत लावली तर तळ नको तिथे फुगतो, लिनिअरमध्ये (सरळ रेषेत) निदान खोटे खड्डे तरी येत नाहीत.

बेटाचा पॉलिगॉन काढून इनपॉलिगॉनने (पॉइंट आत आहे का ते तपासणारं फंक्शन) आतल्या ग्रिड पॉइंटना नॅन (रिकामी किंमत) दिलं, पण कडा पायऱ्यांसारख्या दिसतात. त्यापेक्षा किनाऱ्याची रेघ कन्स्ट्रेंट (त्रिकोणांनी ओलांडायची नाही अशी हद्द) म्हणून देऊन डेलॉने करावं, बेटातले त्रिकोण काढून टाकावेत आणि ट्रायसर्फने (त्रिकोणांवरून सरफेस काढणारं फंक्शन) काढावं का? किनाऱ्यावर खोली शून्य धरली तर चालेल का, कारण खाजणाच्या (खाऱ्या पाण्याकाठच्या सखल जमिनीच्या) बाजूला उतार एकदम सपाट आहे? नदी किंवा खाडीच्या डेटावर कुणी हे केलं असेल तर प्लीज सांगा, कोडचा तुकडा दिलात तरी खूप मदत होईल.