सल्ला हवा: ओसीओ जोडीतल्या दोन्ही क्रिप्टो ऑर्डर एपीआयनं एकदम रद्द करायला कोणतं टूल?

तर्रीबाज
नमस्कार मंडळी. राहतो मानेवाड्याकडे, नोकरी हिंगणा एमआयडीसीत. दिवसा स्क्रीनसमोर बसणं होत नाही, म्हणून बायनान्स या क्रिप्टो एक्सचेंजवर स्पॉटमध्ये (प्रत्यक्ष कॉइनच्या खरेदी-विक्रीत) ओसीओ, म्हणजे एक लागली की दुसरी आपोआप बाद होणारी जोडी, लावून ठेवतो: वर नफ्याची लिमिट विक्री (ठरल्या भावाला), खाली स्टॉप-लॉस (भाव पडला तर विक्री), दोन्ही एकाच मालावर, म्हणजे त्याच कॉइनवर. लावताना त्रास नाही, रद्द करताना आहे. माझी पायथन स्क्रिप्ट एपीआयनं (प्रोग्रॅममधून एक्सचेंजशी थेट बोलायच्या सोयीनं) चालू ऑर्डरींची यादी काढते आणि एकेक रद्द करत जाते. पहिली रद्द होते, दुसरीला उणे २०११ चा एरर येतो आणि स्क्रिप्ट तिथंच आडवी. मग नवी जोडी लागतच नाही. एक क्लाउडवालं टूल पाहून राहिलो, महिन्याचे पैसे मागते. घ्यावं का?

संत्राबर्फी
काहून पैसे घालता भाऊ? एरर बरोबरच आहे. जोडीतली एक ऑर्डर रद्द केली की पूर्ण जोडी रद्द होते, हे त्यांच्या डॉक्युमेंटातच लिहिलंय. तुमची स्क्रिप्ट दुसऱ्या फेरीत मेलेल्यालाच मारून राहिली.

एकेकाच्या मागे न लागता ऑर्डर-लिस्टच्या (म्हणजे पूर्ण जोडीच्या) एंडपॉइंटला, त्या कामाच्या एपीआय पत्त्याला, डिलीट रिक्वेस्ट टाका. सिम्बॉल, ऑर्डर-लिस्ट आयडी, टाइमस्टॅम्प आणि गुप्त कीनं केलेली सही, बस. उत्तरात दोन्ही ऑर्डरींचा हिशोब येतो आणि लिस्टचं स्टेटस ‘ऑल डन’ दिसतं. सीसीएक्सटी (एक्सचेंजांशी बोलायची तयार लायब्ररी) वापरत असाल तर त्यातूनही हा एंडपॉइंट थेट बोलावता येतो. दहा-बारा ओळींचं काम आहे.

जोडी लावतानाच लिस्टला स्वतःचं नाव द्या, म्हणजे लिस्ट क्लायंट ऑर्डर आयडी. मग एक्सचेंजनं दिलेला आकडा हरवला तरी आपल्या नावानं रद्द करता येते.

बर्डी_ते_बुटीबोरी
क्लाउडवाल्याला एपीआय की (तुमच्या खात्याची चावी) देण्याआधी एक आठवा. २०२२ च्या डिसेंबरात थ्रीकॉमाज या ट्रेडिंग बॉट कंपनीच्या ग्राहकांच्या एपीआय की फुटल्या होत्या, आणि कंपनीनं ते मान्यही केलं होतं. की स्वतःजवळच ठेवा. विड्रॉलची परवानगी बंद, फक्त स्पॉट ट्रेडिंग चालू, आणि आयपीचं कुलूप, म्हणजे ठरलेल्या इंटरनेट पत्त्यावरूनच की चालेल. घरच्या ब्रॉडबँडचा आयपी बदलत राहतो, म्हणून एखादा छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घ्या. पैसे खर्चायचेच असतील तर तिथं खर्चा.

ऊन_४५
व्हीपीएसला माझाही दुजोरा, पण कारण वेगळं आहे. कोणतंही टूल निवडताना पहिला प्रश्न हा विचारा की दोन ऑर्डरींची गाठ कुठं बांधलेली आहे. एक्सचेंजकडे असेल तर तुमचा लॅपटॉप बंद पडला तरी एक लागली की दुसरी आपोआप बाद होते. पण काही बॉट दोन सुट्या ऑर्डरी लावतात आणि त्यांच्यातलं नातं स्वतःच्या मेमरीत ठेवतात. मे महिन्यात दुपारी वादळ सुटलं, लाइन गेली, की ते नातं संपलं. मी वापरत होतो त्या बॉटमध्ये (नाव घेत नाही) नेमकं हेच झालं. टार्गेट लागलं, खालचा स्टॉप तसाच पडून राहिला, आणि नंतर ठेवायला म्हणून घेतलेला माल त्यानं विकून टाकला. विक्रेते ‘ओसीओ सपोर्ट’ एवढंच लिहितात. कोणत्या अर्थानं, ते खोदून विचारा.

नवशिकी_धरमपेठ
मध्येच विचारते, सॉरी. ऑर्डर रद्द केली तर टीडीएस कापतात का?

बर्डी_ते_बुटीबोरी
नाही ताई. १ टक्का टीडीएस क्रिप्टोच्या हस्तांतरणावर आहे, १ जुलै २०२२ पासून. रद्द झालेल्या ऑर्डरीत माल हललाच नाही. पण स्टॉप लागून विक्री झाली की ती तोट्यात असली तरी हस्तांतरणच. वरून नफ्यावर ३० टक्के कर, आणि एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. तेव्हा स्टॉप फार जवळ लावून रोज विकत बसू नका.

तर्रीबाज
डिलीट टेस्टनेटवर (खोट्या पैशाच्या सराव-एक्सचेंजवर) चालवून पाहिलं, एका फटक्यात काम झालं. क्लाउडवाल्याला राम राम. पण संत्राबर्फी भाऊ, मग तो उणे २०११ चा एरर स्क्रिप्टमध्ये सरळ गिळून टाकू का?

संत्राबर्फी
अजिबात नाही! तोच एरर दुसऱ्या कारणानंही येतो. तुमची रिक्वेस्ट पोचायच्या आत भाव टार्गेटला लागला तर ऑर्डर भरून (विक्री होऊन) गेलेली असते, आणि तेव्हाही रद्द करायला काही सापडत नाही. स्क्रिप्टनं ‘रद्द झालं’ समजून नवी विक्री लावली तर खात्यातला दुसराच माल निघून जाईल. एरर आला की आधी त्या लिस्टची आणि दोन्ही ऑर्डरींची स्थिती विचारा, किती माल विकला गेला ते बघा, मग पुढचं पाऊल.

टाइमआउटचंही तसंच. सर्व्हरकडून ५०० च्या घरातला एरर आला म्हणजे रद्द झालं नाही असं धरू नका. झालंही असेल. स्वतः दिलेलं लिस्टचं नाव तिथं कामी येतं.

आणि उणे १०२१ दिसला तर घड्याळ तपासा. रिक्वेस्ट पोचायची डिफॉल्ट मुदत ५००० मिलिसेकंद असते, तुमच्या मशीनची वेळ मागं पडली की रिक्वेस्ट परत येते. मुदत ६०,००० पर्यंत वाढवता येते म्हणून लोक वाढवून टाकतात. मला ते पटत नाही. रद्द करायची रिक्वेस्ट मिनिटभर उशिरा पोचून उपयोग काय? एनटीपी (घड्याळ आपोआप जुळवणारी सोय) लावा.

ऊन_४५
अर्धवट भरलेलीचं कोणी बोललं नाही. वरची लिमिट थोडी जरी भरली तरी खालचा स्टॉप बाद होतो. उरलेला माल उघडा पडतो आणि जोडी लावलेली आहे म्हणून तुम्ही निवांत. स्क्रिप्टमध्ये यूजर डेटा स्ट्रीम (खात्यातल्या घडामोडींचे थेट निरोप) ऐका. अर्धवट भरल्याचा निरोप आला की उरलेली लिमिट तिच्या स्वतःच्या आयडीनं रद्द करा आणि शिल्लक मालावर नवी जोडी लावा.

तर्रीबाज
आणि शिल्लक फारच कमी असेल तर?

ऊन_४५
तर किमान रकमेच्या फिल्टरला अडकून नवी ऑर्डर नाकारली जाईल. ती अट एक्सचेंज इन्फोमधून (एपीआयनं मिळणाऱ्या नियमांच्या यादीतून) सिम्बॉलनुसार आधीच वाचून ठेवा. शिल्लक त्याखाली गेली तर लिमिट रद्दच करू नका, तशीच भरू द्या. आणि टेस्टनेट महिन्याकाठी रीसेट होतं, तिथल्या ऑर्डरी गायब झाल्या तर घाबरू नका.